लैला : हे गाणं नक्की कुणाचं?

उंबरठा_७९ :

आमच्या चाळीत केबल आली १९९३ला. मी तेव्हा चौदा वर्षांचा. एमटीव्हीवर एक चष्मेवाला गोरा माणूस खुर्चीत बसून लाकडी गिटार वाजवत होता आणि मधूनमधून 'लैला' म्हणत होता. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हा इंग्रज लैला लैला काय लावून बसलाय?" मला तरी काय माहीत. पण गाणं आवडलं. संथ, लोळत लोळत जाणारं, मे महिन्यातल्या दुपारसारखं. गाणाऱ्याचं नाव एरिक क्लॅप्टन, एवढं खाली पट्टीवर वाचलं.

सहा वर्षांनी पुण्याला हॉस्टेलवर रूममेटने मूळ गाणं लावलं. पहिल्याच सेकंदाला गिटार अंगावर धावून आली. मी म्हटलं, नाव सारखं असलं तरी हे दुसरंच काहीतरी असणार. शब्द ऐकले तर तेच. फक्त इथे तो गात नव्हता, गळा फाडून गयावया करत होता. आणि तीन मिनिटं झाल्यावर, आता संपलं असं वाटत असताना पियानो सुरू होतो आणि पुढची जवळजवळ चार मिनिटं गाण्यात शब्दच नाहीत!

'क्लॅप्टनने मित्राच्या बायकोसाठी लिहिलेलं गाणं' या एका ओळीत सगळे याची बोळवण करतात. ते खोटं नाही. पण मी जसजसं वाचत गेलो तसतसा क्लॅप्टनचा वाटा आक्रसत गेला. म्हणून हा धागा.

हकीकत अशी. १९७० साली क्लॅप्टन पंचवीस वर्षांचा होता. लंडनच्या भिंतींवर 'क्लॅप्टन इज गॉड' रंगवून झालं होतं, 'क्रीम' हा त्याचा बँड मोडला होता, 'ब्लाइंड फेथ'ही वर्षभरात आटोपला होता. देव होऊन हा माणूस कंटाळला होता. डिलेनी अँड बॉनी या गायक जोडीच्या ताफ्यातले तीन अमेरिकन वादक त्याने जमवले : बॉबी व्हिटलॉक (की-बोर्ड आणि गळा), कार्ल रॅडल (बेस) आणि जिम गॉर्डन (ड्रम्स). नाव घेतलं 'डेरेक अँड द डॉमिनोज'. डेरेक नावाचा कुणी माणूस त्यात नाहीच. हेच लोक त्या वर्षी बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास' अल्बमवर वाजवत होते. आणि क्लॅप्टन जिच्यासाठी झुरत होता ती पॅटी बॉइड म्हणजे हॅरिसनची बायको. दिवसा नवऱ्याच्या गाण्यांना साथ, रात्री बायकोसाठी विरहगीत.

ऑगस्टमध्ये बँड मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत गेला. निर्माता टॉम डाउड. हा डाउड नुकताच ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन बँडबरोबर काम करत होता. २६ ऑगस्टला ऑलमन ब्रदर्सचा मायामीत कार्यक्रम होता, तिथे तो क्लॅप्टनला घेऊन गेला. स्टेजवर ड्वेन ऑलमन डोळे मिटून वाजवत होता. डोळे उघडले तर समोर क्लॅप्टन बसलेला. हात जागच्या जागी थांबले! दुसऱ्या गिटारवाल्याने, डिकी बेट्सने, वेळ मारून नेली. त्या रात्री सगळे मिळून स्टुडिओत गेले ते पहाटेपर्यंत वाजवत बसले. क्लॅप्टनने ड्वेनला सोडलंच नाही.

क्लॅप्टनच्या डोक्यात 'लैला' हे संथ गाणं होतं. सुरुवातीची ती प्रसिद्ध रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) ड्वेनने आणली. ब्लूज गाणाऱ्या अल्बर्ट किंगच्या 'ॲज द इयर्स गो पासिंग बाय'मधली गाण्याची एक रडवेली ओळ घेतली, तिचा वेग कितीतरी वाढवला, आणि रडण्याची आरोळी झाली. म्हणजे ज्या सात स्वरांवरून जग हे गाणं ओळखतं ते क्लॅप्टनचे नाहीत.

शेवटचा पियानोही त्याचा नाही. तो वाजवला ड्रमर जिम गॉर्डनने. गाणं रेकॉर्ड करून बाजूला ठेवलेलं होतं. गॉर्डन स्टुडिओत स्वतःशी एक धून वाजवत होता, ती क्लॅप्टनला आवडली आणि काही आठवड्यांनी ती मागे जोडण्यात आली.

मग उरलं काय? शब्द, गळा आणि दुखणं. गाणं नक्की कुणाचं म्हणायचं?

----

शेवटची_लोकल :

मस्त धागा. वाचतोय. 'देव होऊन कंटाळला' हे भारी.

----

सपाट_बोलणारा :

माफ करा, पण एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे? मित्राच्या बायकोवर डोळा ठेवला आणि ते गिटारवर वाजवून जगाला सांगितलं. आमच्या कॉलेजात असल्या माणसाला मजनू म्हणून कट्ट्यावरून उठवायचे.

----

दौत_टाक :

@सपाट_बोलणारा, तुम्ही टिंगलीत म्हणालात, पण नाव तिथूनच आलंय.

क्लॅप्टनला इयन डॅलस नावाच्या मित्राने निजामी गंजवीच्या 'लैला-मजनू'चं इंग्रजी भाषांतर दिलं होतं. निजामीने हे फारसी काव्य ११८८ साली लिहिलं. कथा त्याहून जुनी, अरबांची. कैस नावाचा मुलगा लैलेच्या प्रेमात इतका बेभान होतो की लोक त्याला 'मजनून' म्हणू लागतात, म्हणजे झपाटलेला. वेडा मुलगा जावई नको म्हणून बाप नकार देतो, लैलेचं लग्न दुसऱ्याशी लावतात, कैस रानात जाऊन जनावरांमध्ये राहतो. आपल्याकडे अमीर खुसरोने हीच कथा स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहिली, आणि तिथून ती इतकी खाली झिरपली की मराठी कट्ट्यावर 'मजनू' ही शिवी झाली. तुम्ही वापरलीत तशी.

लैला या शब्दाचं मूळ अरबी 'लैल', म्हणजे रात्र. याच अल्बमवर 'आय ॲम युअर्स' नावाचं गाणं आहे, त्याच्या श्रेयनामावलीत क्लॅप्टनबरोबर चक्क निजामीचं नाव आहे. बाराव्या शतकातला फारसी कवी रॉक अल्बमवर सहकवी! उंबरठा, तुमच्या वाटेकऱ्यांच्या यादीत हाही घाला.

----

पेटीमास्तर :

मला इंग्रजी गाण्यांतलं फारसं कळत नाही. मुलगा गिटार शिकतो, त्याच्यामुळे हे कानावर पडलं. एकदा सहज पेटीवर काढून पाहिलं आणि जे सापडलं ते इथे लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

रिफ पांढरी दोन पट्टीत आहे. पांढरी दोनला सा धरला तर ते सात स्वर असे : खालचा प, खालचा कोमल नि, सा, कोमल ग, सा, कोमल नि, सा. बस. वर एकदाच कोमल गंधाराला हात लावून परत घरी. त्यात शुद्ध काही नाही, त्यामुळे कासावीस वाटतं.

गंमत पुढे आहे. तो ओळी गायला लागतो तेव्हा गाणं एका झटक्यात काळी एकमध्ये उतरतं. अर्धा स्वर खाली. आपल्याकडे गायकाने असा अचानक सा बदलला तर तबलजी हातोडी शोधायला लागेल. धृपद आलं की परत उडी मारून पांढरी दोन. म्हणजे बोलताना आवाज खाली, हाक मारताना वर. माणूस भांडतो तेव्हा असंच होतं, नाही का?

आणि शेवटचा पियानो पांढरी एकमध्ये, तोही शुद्ध स्वरांत. आणखी अर्धा स्वर खाली. रिफपासून पियानोपर्यंत गाणं दोन पायऱ्या उतरून येतं आणि उतरल्यावर शांत होतं. (तो भाग माझ्या पेटीशी तंतोतंत जुळत नाही, किंचित चढा लागतो. मुलगा म्हणतो, टेपचा वेग बदललाय.)

मागून जोडलेला तुकडा आहे हे मला माहीत नव्हतं. ऐकताना मुद्दाम बांधल्यासारखं वाटलं होतं.

----

उंबरठा_७९ :

मास्तर, दंडवत! तीस वर्षं हे गाणं ऐकतोय, पण हे उतरणं लक्षात आलं नव्हतं.

जोडकामाबद्दल एक सांगतो. बँडमधल्याच बॉबी व्हिटलॉकला ती जोड मुळीच पसंत नव्हती, आणि त्यातला दुसरा पियानो त्यानेच वाजवलाय! त्याच्या मते त्यामुळे मूळ गाणं बाटलं. गेल्याच वर्षी, २०२५च्या ऑगस्टमध्ये तो गेला.

----

मुग्धा_आर :

गाणं मलाही आवडतं. पण या धाग्यावर आत्तापर्यंत पॅटी बॉइड म्हणजे नुसती 'हॅरिसनची बायको'. तिची बाजू तिने २००७ साली स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकात सांगितली आहे. थोडी इथे मांडते.

ती त्या काळची नावाजलेली मॉडेल. १९६४ला बीटल्सच्या पहिल्या सिनेमाच्या सेटवर जॉर्ज भेटला, १९६६ला लग्न. बीटल्स महर्षी महेश योगींकडे गेले हे सगळ्यांना माहीत असतं; त्या वाटेला जॉर्जला आधी पॅटीने लावलं हे कुणी सांगत नाही. १९६८ला ती हृषीकेशलाही होती.

१९७०मध्ये तिला एक चिठ्ठी आली. बारीक अक्षर, खाली सही म्हणून नुसता 'ई'. तुझं नवऱ्यावर अजून प्रेम आहे का, अशी विचारणा. तिला वाटलं कुणी तरी वेडा चाहता. संध्याकाळी क्लॅप्टनचा फोन : माझं पत्र मिळालं का?

पुढे त्याने तिला एका फ्लॅटवर बोलावून टेपवर हे गाणं ऐकवलं. दोनतीनदा. तिला पहिल्यांदा वाटली ती भीती. हे कुणासाठी आहे ते अख्ख्या जगाला कळणार! त्याच रात्री एका पार्टीत क्लॅप्टनने हॅरिसनला तोंडावर सांगितलं की माझं तुझ्या बायकोवर प्रेम आहे. हॅरिसनने तिला विचारलं, त्याच्याबरोबर जातेस की माझ्याबरोबर येतेस? ती जॉर्जबरोबर घरी गेली.

आणि मग तो प्रसंग, जो या गाण्याच्या गोष्टीतून नेहमी गाळला जातो. क्लॅप्टनने तिच्यासमोर हेरॉइनची पुडी धरली : तू आली नाहीस तर मी हे घेणार. ती नाही म्हणाली. त्याने घेतलं, आणि पुढची तीनेक वर्षं तो घरात कोंडून होता.

त्याच सुमारास पॅटीची धाकटी बहीण क्लॅप्टनबरोबर राहत होती. हे गाणं ऐकलं आणि ते आपल्यासाठी नाही हे तिला तिथल्या तिथे कळलं. तिच्यावर कुणी गाणं केलं नाही.

शेवटी पॅटी १९७४ला जॉर्जला सोडून क्लॅप्टनकडे गेली, १९७९ला त्यांचं लग्न झालं, दहाएक वर्षांत तेही मोडलं. त्याची दारू आणि बाहेरच्या भानगडी. निजामीच्या मजनूला लैला मिळाली नाही म्हणून ते काव्य टिकलं. इथे मिळाली. 

----

सपाट_बोलणारा :

@मुग्धा_आर, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नीट मांडलंत. गाणं ऐकलं आत्ता. बरं आहे. पियानोचा भाग चांगला आहे.

----

कुलाबा_कॉजवे :

जरा अवांतर, पण मुंबईचा संबंध आहे म्हणून लिहितो. पॅटी हृषीकेशच्या आधीच भारतात येऊन गेली होती. सप्टेंबर १९६६मध्ये जॉर्ज पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला आला तेव्हा हे जोडपं मुंबईत ताजमध्ये उतरलं होतं, मिस्टर अँड मिसेस सॅम वेल्स या खोट्या नावाने. जॉर्जने ओळखू येऊ नये म्हणून मिशी वाढवली होती. काही उपयोग झाला नाही. बातमी फुटली, हॉटेलबाहेर पोरापोरींची गर्दी झाली, शेवटी ताजमध्येच पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि मग पंडितजी त्यांना घेऊन काश्मीरला गेले.

१९६८च्या जानेवारीत जॉर्ज एकटा परत आला आणि एचएमव्हीच्या मुंबईतल्या स्टुडिओत भारतीय वादक घेऊन रेकॉर्डिंग करून गेला. संतूरवर शिवकुमार शर्मा होते. पण तो वेगळा धागा होईल.

----

शेवटची_लोकल :

काढा की धागा!

उंबरठा, गाणं चाललं कधी हे राहिलं. आल्या आल्या हिट झालं का?

----

उंबरठा_७९ :

साफ आपटलं!

'लैला अँड अदर असॉर्टेड लव्ह साँग्ज' हा दोन तबकड्यांचा अल्बम नोव्हेंबर १९७०मध्ये आला. अमेरिकेत १६व्या क्रमांकापर्यंत चढला. इंग्लंडमध्ये यादीत नावच नाही. का? कारण कव्हरवर क्लॅप्टनचं नाव नव्हतं, फोटो नव्हता. होतं एका बाईचं चित्र. डेरेक कोण हे दुकानदारालाही माहीत नाही. कंपनीने शेवटी 'डेरेक इज एरिक' असे बिल्ले छापून वाटले. प्रसिद्धीपासून पळायला नाव बदललं आणि ते फारच यशस्वी झालं, असं म्हणायला हवं.

१९७१ला सिंगल (एकट्या गाण्याची तबकडी) काढलं तेव्हा रेडिओसाठी सात मिनिटांचं गाणं कापून पावणेतीन मिनिटांचं केलं. पियानो गायब. ५१व्या क्रमांकावर अडकलं. १९७२ला क्लॅप्टनच्या आणि ड्वेनच्या निवडक गाण्यांचे अल्बम निघाले, दोन्हींत हे गाणं होतं, तेव्हा पूर्ण लांबीचं सिंगल पुन्हा काढलं. अमेरिकेत १०वा क्रमांक, इंग्लंडात ७वा. गाणं तेच, फक्त कात्री लावली नाही. १९८२ला इंग्लंडात परत आलं आणि ४थ्या क्रमांकावर गेलं.

तोवर बँड कुठे होता? १९७१च्या वसंतातच, दुसरा अल्बम अर्धवट टाकून मोडलेला. नशा आणि भांडणं. गाणं गाजायला लागलं तेव्हा ते वाजवणारा बँड अस्तित्वात नव्हता. आणि रिफवाला माणूसही.

----

अटलांटाकर :

त्या माणसाबद्दल मी लिहितो, कारण तो माझ्या घरापासून दीड तासावर आहे.

मेकन, जॉर्जिया. ड्वेन ऑलमन २९ ऑक्टोबर १९७१ला इथे मोटारसायकलच्या अपघातात गेला. वय २४. 'लैला' झालं तिथून धड चौदा महिनेही नाहीत. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ड्वेनच्याच बँडचा बेसवादक बेरी ओकली त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर तसाच मोटारसायकलवरून गेला. दोघांच्या समाध्या रोझ हिल स्मशानभूमीत शेजारी शेजारी आहेत. बँड ज्या घरात राहायचा त्या 'बिग हाउस'मध्ये आता संग्रहालय आहे. गणपतीच्या सुट्टीला आलेल्या सासरेबुवांना घेऊन गेलो होतो. ते म्हणाले, "पोरगेलाच की रे." आणि बराच वेळ फोटोसमोर उभे राहिले.

ड्वेन बोटात काचेची औषधाची बाटली घालून, ती तारांवरून सरकवत स्लाइड वाजवायचा. हो, सर्दीच्या गोळ्यांची रिकामी बाटली. 'लैला'त सहा गिटार एकमेकींवर चढवल्यात, आणि त्यांतून जी विव्हळत वर जाते ती याची. संपूर्ण अल्बम ऐकलात तर तो कुठे आहे आणि कुठे नाही हे आपोआप कळायला लागतं.

आणि तरी गाण्याच्या लेखकांत त्याचं नाव नाही. क्लॅप्टन आणि गॉर्डन, दोघेच.

----

मुग्धा_आर :

नाव नसलेली आणखी एक आहे. गायिका रीटा कूलिज. गॉर्डन त्या आधी तिच्याबरोबर होता. तिचं म्हणणं, तो पियानोचा तुकडा 'टाइम' नावाच्या त्यांच्या दोघांच्या गाण्यातला आहे. तिने रेकॉर्ड ऐकली आणि ओळखलं. क्लॅप्टनच्या मॅनेजरकडे विचारणा केली तर उत्तर मिळालं की तू गाणारी पोरगी, तू काय करणार आहेस? १९७३ला तिच्या बहिणीने ते गाणं रेकॉर्ड केलं. शोधून ऐका. मला शंका उरली नाही. व्हिटलॉकनेही तिची बाजू घेतली होती.

----

दौत_टाक :

आणि ज्याचं नाव लागलं त्याचं काय झालं! जिम गॉर्डन त्या काळातला सर्वांत मागणी असलेला स्टुडिओ ड्रमर. त्याला स्किझोफ्रेनिया होता, डोक्यात आवाज ऐकू यायचे. त्याचं निदान वेळेवर झालं नाही. ३ जून १९८३ला त्याने आईचा खून केला. उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात, २०२३च्या मार्चमध्ये तिथेच मृत्यू. १९९३ला 'लैला'ला ग्रॅमी मिळालं तेव्हा सहलेखक म्हणून ते त्याचंही होतं. तो कोठडीत होता.

त्या पियानोबद्दल वाईट वाटतं ते याचसाठी. स्कॉर्सेसीने 'गुडफेलाज' या गुन्हेगारीवरच्या सिनेमात तोच भाग वापरलाय, एकामागून एक प्रेतं सापडत जातात तिथे. गुलाबी गाडी, कचऱ्याचा ट्रक, मांसाचा ट्रक, आणि मागे ही धून. एवढी गोड चाल अशा जागी कशी काय बसते हे मला अजून उमगलेलं नाही, पण बसते.

----

शेवटची_लोकल :

बाप रे. हे काहीच माहीत नव्हतं. मी याला लॉन्ग ड्राइव्हचं गाणं समजत होतो.

ग्रॅमी मग १९९३ला का? गाणं तर ७०चं.

----

उंबरठा_७९ :

ते मी चाळीत पाहिलेल्या गाण्याला. १६ जानेवारी १९९२ला इंग्लंडात ब्रे स्टुडिओमध्ये 'अनप्लग्ड'चं (विजेच्या गिटारींऐवजी लाकडी वाद्यांवर गाण्याचा एमटीव्हीचा कार्यक्रम) रेकॉर्डिंग झालं. त्या आधी दहा महिने क्लॅप्टनचा चार वर्षांचा मुलगा इमारतीवरून पडून गेला होता. 'बघा ओळखता येतंय का' असं म्हणून त्याने हे सुरू केलं आणि लोकांना खरंच लगेच ओळखता आलं नाही. रिफ नाही, आरोळी नाही, शेवटची जोड नाही. अमेरिकेत १२वा क्रमांक, आणि 'बेस्ट रॉक साँग'चं ग्रॅमी. त्या वर्षी त्याच पारितोषिकाच्या नामांकनांत निर्वाणा या बँडचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' होतं! बावीस वर्षं जुन्या गाण्याने ते घेतलं यावर लोक अजून चिडतात, आणि मीही त्यांच्यातलाच.

पण या धाग्यामुळे एक वाटलं. क्लॅप्टनच्या मनातलं गाणं मुळात संथच होतं ना? मग ड्वेनची रिफ आणि गॉर्डनचा पियानो वजा केले की उरतं ते अनप्लग्डच. त्यात फक्त क्लॅप्टन आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतःच १९९२ला देऊन ठेवलं होतं. त्याच्या वाट्याचं गाणं त्याने वेगळं काढून घेतलं. आणि मला आता दोन्हींतलं जुनंच हवंय.

----

अटलांटाकर :

'फक्त क्लॅप्टन' नाही हो. अनप्लग्डमध्ये पियानोवर चक लेव्हेल आहे. ड्वेन गेल्यानंतर ऑलमन ब्रदर्सने ज्याला घेतलं तोच. :)

----

कुलाबा_कॉजवे :

कव्हरवरच्या चित्राचं कुणीच लिहिलं नाही. ते पॅटीचं नाही. फ्रान्सेन द शोमबेर्ग नावाच्या चित्रकाराचं 'पुष्पगुच्छवाली मुलगी'. क्लॅप्टनला त्यात पॅटी दिसली. ते पुढे पॅटीकडेच राहिलं आणि मार्च २०२४मध्ये तिने लंडनला क्रिस्टीजमध्ये लिलावात काढलं. जवळजवळ २० लाख पौंड आले. ती 'ई' सहीची पत्रंही विकली.

----

मुग्धा_आर :

वा! चला, कुणाला तरी रॉयल्टी मिळाली.

----

पेटीमास्तर :

एक शंका. गाण्याच्या अगदी शेवटी, पियानो थांबतो तेव्हा, पाखरू ओरडल्यासारखं काय आहे?

----

अटलांटाकर :

मास्तर, तो ड्वेन. स्लाइड गिटारच्या पट्ट्या संपतात त्याच्याही पलीकडे नेऊन वाजवलंय. हेडफोन लावून ऐका.

----

पेटीमास्तर :

ऐकलं. मुलगा म्हणतो चिमणी. मला टिटवी वाटली.